फेरिटिन ६

रात्री साडेअकरा-बारा वाजले की माझे पाय जागे व्हायचे. दुखायचे नाहीत. दुखले असते तर कुणाला सांगता तरी आलं असतं. पोटरीच्या आत, पार हाडाला लागून काहीतरी वळवळतंय असं वाटायचं. पाय हलवला की दोन-चार क्षण बरं, की पुन्हा तेच. मी टाचा गादीवर घासत पडायची, उठून गार फरशीवर उभी राहायची, कधी न्हाणीत जाऊन पायांवर पाणी ओतायची. पलीकडच्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, “आगं, पाय का घासतीस गं रातभर?” मी म्हणायची, “काही नाही आई, झोपा तुम्ही.”

मला तेव्हा चिंतेच्या आजारावर गोळी सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते. ही वळवळ म्हणजे त्याच आजाराचं एक रूप असणार, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. “पाय वळवळतात” हे काय सांगायचं, असं वाटायचं. ते सांगितलं नाही म्हणून माझे चार-पाच महिने गेले, म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवते आहे.

आम्ही सांगलीत राहतो, नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीकराला हे आकडे पाठ असतात. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं आणि पाच दिवस ते हललं नाही. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. त्या खेपेला दाराच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं, घरात शिरलं नाही. पण त्या रात्रीनंतर माझी धडधड काही उतरली नाही. पाऊस नसतानाही मोबाईलवर धरणाचा विसर्ग बघत बसायची. जेवणाचा घास फिरायचा. लोकांसमोर हसायची आणि न्हाणीत जाऊन रडायची.

मी एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. आजार मला पहिल्यांदा दिसला तो काउंटरवर. नोटा मोजायचं मशीन आहे, पण जुन्या, ओलसर, चिकटपट्टी लावलेल्या नोटा हातानंच मोजाव्या लागतात. पंधरा वर्षं मोजतेय. बोटं आपोआप चालतात, डोक्यात आकडा आपोआप सरकतो. त्या ऑगस्टमध्ये साठ-पासष्टच्या पुढं गेलं की आकडा हातून सुटायला लागला. पुन्हा पहिल्यापासून. समोर रांग उभी, कपाळावर घाम. एक दिवस एकच गड्डी सहा वेळा मोजली आणि शेवटी शेजारच्या मॅडमकडे सरकवली. त्या संध्याकाळी घरी येऊन मिस्टरांना म्हटलं, “मला डॉक्टरकडं न्या.”

मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी पाऊण तास ऐकून घेतलं. चिंता आणि त्याच्या जोडीला नैराश्य, असं निदान झालं. एसिटालोप्राम आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०. सोबत रात्री क्लोनाझेपाम अगदी कमी मात्रेत, तेही तीनच आठवडे, कारण त्याची सवय लागते. त्यांनी आधीच बजावलं होतं की पहिले काही दिवस मळमळेल, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, कधी सहाही. तसंच झालं. पाचव्या आठवड्यात एका दुपारी शंभराची गड्डी एका दमात मोजून झाली आणि ते माझ्या लक्षात आलं दुसरी हातात घेतल्यावर.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं.

भीती कमी झाली, पण थकवा जाईना. दोन जिने चढले की धाप. केस मूठभर गळायचे. आणि फेब्रुवारीत पाय सुरू झाले. शिवाय मनात एक गोष्ट सतत होती: ही गोळी आयुष्यभर नको. सुटता येईल तितक्या लवकर सुटायचं. अशा मनःस्थितीत माणूस काय शोधतो ते मला आता कळतं. तो दुसरं कारण शोधतो. मला मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गृहस्थ सांगत होते की नैराश्य म्हणजे शरीरातल्या सूक्ष्म खनिजांची उणीव, जस्त आणि सेलेनियम भरून काढलं की गोळ्या सुटतात. मी जस्ताच्या गोळ्या मागवल्या. मग मॅग्नेशियम. मग ‘समुद्रातली खनिजं’ असं लिहिलेली थेंबांची बाटली. घरात एक मल्टिव्हिटॅमिन होतंच, गुडघ्यांसाठी कुणीतरी सांगितलेलं कॅल्शियमही होतं. सगळं मिळून सकाळी उपाशीपोटी घ्यायचं आणि वर चहा. कुणाला सांगितलं नाही. औषध थोडंच आहे, खनिज तर आहे, असं वाटायचं.

रोज अकराच्या सुमाराला पोटात ढवळायचं. दोनदा काउंटर सोडून पळत जावं लागलं. मी दोष दिला एसिटालोप्रामला. मॅडमना फोनवर म्हटलं, “ही गोळी मला झेपत नाही, उलटीसारखं होतं.” त्या म्हणाल्या, “सहा-सात महिन्यांनी नव्यानं मळमळ? यायचं तेव्हा घरात जे जे काही गिळता ना, ते सगळं पिशवीत घालून आणा. सौंदर्याच्या गोळ्या, आयुर्वेदिक, चूर्ण, काहीही सोडू नका.”

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी बाजाराची कापडी पिशवी भरून गेले. मॅडमनी ती टेबलावर ओतली. सात डबे-बाटल्या निघाल्या. मला बसल्या जागी लाज वाटली. त्या मात्र काही बोलल्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, बाटली डोळ्याजवळ धरून, पाठीमागची बारीक अक्षरं एकेक वाचत एका कागदावर लिहीत गेल्या. जस्ताच्या डब्यावर ५० मिलिग्रॅम. मल्टिव्हिटॅमिनच्या पट्टीवर आणखी २२. बेरीज ७२. त्यांनी शेजारी दुसरा आकडा लिहिला: बाईला दिवसाला लागतं १३.२ मिलिग्रॅम, हे आयसीएमआरनं २०२० साली ठरवलेलं. आणि तिसरा: वरची मर्यादा ४०.

“पाच महिने ७२ घेताय,” त्या म्हणाल्या. “आणि उपाशीपोटी. जस्त रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतंच. एसिटालोप्रामची यात काही चूक नाही.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण ते माझ्या कामाच्या भाषेत होतं. आतड्याचं दार जणू एकच असतं आणि लोह, जस्त, तांबं, कॅल्शियम सगळे तिथंच रांगेत उभे असतात. एकानं गर्दी केली की दुसरा बाहेर राहतो. जस्त महिनोन्‌महिने जास्त झालं तर तांबं शोषलं जात नाही, आणि तांबं कमी पडलं तर रक्त कमी होतं, नसांनाही इजा होऊ शकते. म्हणजे मी एक उणीव भरायला गेले होते आणि दुसऱ्या दोन तयार करत होते.

थेंबांची बाटली त्यांनी शेवटी उचलली. यादीच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, लिथियम लिहिलं होतं. ती बाटली त्यांनी हातात बराच वेळ धरली. “हे एक खनिज मी स्वतः लिहून देते,” त्या म्हणाल्या. “ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांवर याचा गुण दाखवला, आणि आजही त्याच्या तोडीचं औषध थोडं आहे. नैराश्याची गोळी पुरी पडत नसेल तर तिच्या जोडीलाही देतो. पण रक्त तपासल्याशिवाय मी ते एक दिवसही चालू ठेवत नाही.” शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त काढायचं. पातळी साधारण ०.६ ते १ च्या मध्ये हवी. दीडच्या वर गेली की हात थरथरणं, तोल जाणं, विषबाधा. जुलाब झाले, उन्हात घाम गेला, एकदम मीठ सोडलं, अंगदुखीची गोळी घेतली, तरी पातळी चढते. थायरॉइड आणि मूत्रपिंड अधूनमधून तपासावं लागतं. थेंबांत मात्रा नगण्य असेल, पण नेमकी किती, हे बाटलीवर लिहिलेलंच नव्हतं. “ज्याची मात्रा माहीत नाही ते मी तुम्हाला घेऊ देणार नाही,” एवढं म्हणून त्यांनी बाटली बाजूला ठेवली.

या सगळ्यात मी सहज म्हणून गेले, “आणि रात्री पाय वळवळतात, त्याचंही काहीतरी द्या.” त्यांचा पेन थांबला. कधीपासून? रात्रीच का? हलवल्यावर बरं वाटतं का? दिवसा बसमध्ये बसल्यावर होतं का? मग, “पाळी कशी आहे?” पाळी गेली दोन वर्षं जोरात होती. सात-आठ दिवस, पहिले तीन दिवस तर दर दोन तासांनी. मी ते कधी कुठं बोलले नव्हते. आमच्याकडं ते बोलायचं नसतं, सोसायचं असतं. पोटात कळा यायच्या म्हणून मेफेनामिक ॲसिडची गोळी घ्यायची, तीही त्या पिशवीत होतीच.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. रेस्टलेस लेग्ज नावाचा त्रास असतो, त्याचा लोहाच्या कमतरतेशी जवळचा संबंध आहे, आणि एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी तो कधीकधी वाढतो. दुसरं, या गोळ्यांनी रक्त गोठवणाऱ्या पेशी थोड्या सुस्त होतात, त्यात मेफेनामिक ॲसिडसारखी गोळी मिसळली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका आणखी वाढतो. मी तीन दिवस दोन्ही एकत्र घेत होते, दर महिन्याला.

त्या आठवड्यात मला सर्दी-ताप होता. म्हणून फेरिटिनची, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाची, तपासणी दोन आठवडे पुढं ढकलली. अंगात दाह असला की फेरिटिन खोटं चढतं, खड्डा असून दिसत नाही. हा एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या मैत्रिणीनं तापातच तपासणी करून घेतली होती आणि ‘नॉर्मल’ म्हणून सहा महिने गप्प बसली होती.

जुलैच्या मध्यावर कागद हातात आला. हिमोग्लोबिन ९.८. रक्तपेशींचा आकार लहान. तांबं खालच्या काठावर. बी-१२ आणि थायरॉइड ठीक. फेरिटिन ६.

“हिमोग्लोबिन म्हणजे तुमच्या ड्रॉवरमधली कॅश,” मॅडम म्हणाल्या. “फेरिटिन म्हणजे तिजोरीतली शिल्लक. ड्रॉवरमध्ये अजून थोडं दिसतंय. तिजोरी रिकामी आहे.” सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूतली द्रव्यं ज्या विकरांमुळं तयार होतात, त्यांना काम करायला लोह लागतं. एसिटालोप्राम आहे ते सेरोटोनिन पुरवून वापरायला मदत करतं, पण मुळात ते तयार व्हायला लोह हवं. तिजोरीची अशी अवस्था असताना गोळीचा डोस १० वरून २० करायचा त्यांचा विचार होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. एका वेळी एकच बदल करू, म्हणाल्या. दोन केले की कशानं काय झालं ते कळत नाही. गेल्या पाच महिन्यांत मी नेमकं उलटं केलं होतं.

मी विचारलं, मग जस्ताचं सगळंच खोटं का? त्या म्हणाल्या, नाही. पोलंडमधल्या संशोधकांनी ६० रुग्णांना इमिप्रामिन हे जुनं औषध दिलं, त्यातल्या निम्म्यांना १२ आठवडे रोज २५ मिलिग्रॅम जस्त जोडून दिलं. ज्यांना आधीच्या औषधांचा गुण आला नव्हता, त्यांना जस्तानं फरक पडला. हा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. पण ६० म्हणजे ६०. दुसऱ्या बाजूला युरोपातल्या चार देशांत हजाराहून अधिक जणांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांना वर्षभर सेलेनियम, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ एकत्र दिलं, की नैराश्य टळतं का ते बघायला. नाही टळलं. तो निकाल २०१९ चा. “ज्याच्यात उणीव आहे त्याची ती भरली पाहिजे. ज्याच्यात नाही त्याच्यात ओतून काही मिळत नाही. आणि कुणात आहे हे तोंडाकडं बघून कळत नाही,” त्या म्हणाल्या. व्हिडिओतल्या गृहस्थांच्या बोलण्यात एक कण खरा होता, आणि त्या एका कणामुळंच मी बाकी सगळ्यावर विश्वास ठेवला होता.

लोहाची गोळी सुरू झाली ती एक दिवसाआड. मला वाटलं, एवढी उणीव आहे तर रोज दोन का नाही? एक गोळी घेतली की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्यातलं लोहाचं दार बंद ठेवतं. दुसऱ्या दिवशीची गोळी दारावर धडकून परत जाते, पोट मात्र बिघडवते. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या स्त्रियांवर हे मोजून २०१७ मध्ये दाखवलं की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त अंगी लागतं. माझी गोळी १०० मिलिग्रॅमची. उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर, आणि पुढं तासभर काही नाही. एसिटालोप्राम नाश्त्यानंतर, त्याचं आणि लोहाचं भांडण नाही. कॅल्शियमची मला गरजच नव्हती, ते बंद. जस्त बंद. मॅग्नेशियमही बंद. खरं तर ते सूक्ष्म खनिज नव्हे, शरीराला बरंच जास्त लागतं, आणि सौम्य नैराश्यावर त्याचे छोटे अभ्यास आहेत. पण एका वेळी एकच, हे ठरलं होतं.

सगळ्यात अवघड गेला चहा. गोळीपेक्षा, तपासणीपेक्षा, सगळ्यापेक्षा. मी जेवणावर चहा पिणारी आहे. दीड वाजता डबा खाल्ला की बँकेच्या मागच्या खोलीत स्टीलच्या थर्मासमधला चहा, त्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. त्या चहातलं तुरट द्रव्य, टॅनिन, भाजी-भाकरीतलं लोह धरून ठेवतं. जेवण आणि चहा यांच्यात दीड तास ठेवायला मला तीन आठवडे लागले. शिपाईमामा थर्मास घेऊन यायचे आणि मी तो वास घेत बसायची. तीन वाजता प्यायची. आता सवय झाली आहे, पण पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. पाळीचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, “मलाबी असंच व्हतं. कुणाला सांगनार?” दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची लोखंडी कढई काढली, चिंच लावून घासली. आमटी त्यातच व्हायला लागली. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की थोडं लोह उतरतं. मटकीला मोड आणण्याचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. धान्य-कडधान्यांतलं फायटेट लोह आणि जस्त दोन्ही अडवतं, भिजवून मोड आणले की ते कमी होतं. थंडीत अळिवाचे लाडू केले, खोबरं-गूळ घालून, आणि रोज एक माझ्या डब्यात. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते एका लाडवात येत नाही, पण तो लाडू डब्यात दिसला की मला बरं वाटायचं.

या निमित्तानं त्यांचंही एक निघालं. त्या थायरॉइडची गोळी घेतात, आणि तिच्याबरोबरच कॅल्शियम गिळत होत्या. लोह किंवा कॅल्शियम असेल तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून कॅल्शियम रात्री सरकवलं. पुढच्या तपासणीत त्यांचा आकडा कित्येक महिन्यांनी जागेवर आला.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडं सोनोग्राफीत गाठ निघाली, साधी. रक्तस्राव आवरायला औषध मिळालं, मेफेनामिक ॲसिड बंद झालं. हे थोडक्यात लिहिते, पण ते झालं नसतं तर लोह एका बाजूनं भरलं आणि दुसऱ्या बाजूनं वाहून गेलं असतं.

लोहाच्या गोळीनं संडास काळी होते, ते बघून घाबरायचं नाही, हे आधी कळलेलं होतं म्हणून बरं. बद्धकोष्ठता झाली. चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.१. जिना चढताना मध्ये थांबावं लागलं नाही. पाय मात्र तसेच होते. मॅडमनी सांगितलं होतं की पायांसाठी फेरिटिन ७५ च्या पुढं न्यायचं असतं, धीर धरा. ऑक्टोबरमध्ये फेरिटिन २८ झालं. आठवड्यातल्या सात रात्रींच्या तीन झाल्या. एका पहाटे पाच वाजता जाग आली ती पावसाच्या आवाजानं, आणि मी रात्रभर एकाच कुशीवर झोपले होते.

आता मी माझी सगळ्यात मोठी चूक लिहिते. डिसेंबरमध्ये मी एसिटालोप्राम बंद केली. न विचारता. मनात हिशेब असा होता: कारण सापडलं, लोह होतं, ते भरत आलं, मग आता गोळी कशाला? खनिजानं गोळी सुटते हाच तो व्हिडिओतला विचार, लोहाचं रूप घेऊन परत आला होता.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर मान वळवली आणि डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसला. डोळे एका बाजूकडून दुसरीकडं नेले की झटका. त्याबरोबर चक्कर. पाचशेची गड्डी मोजताना आकडा चाळिसातच सुटला. त्या दिवशी कॅश पाचशेनं कमी लागली. पंधरा वर्षांत माझी कॅश क्वचितच चुकली असेल. घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून रडले, कशासाठी तेही कळत नव्हतं. चौथा दिवस रविवार. दवाखाना बंद. मिस्टरांनी टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीला, १४४१६ ला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडच्या ताईंनी मराठीत, शांतपणे सगळं ऐकलं आणि मग विचारलं, “गोळी मध्येच बंद केली आहे का?” सोमवारी सकाळी मी मिरजेत होते.

मॅडम रागावल्या नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली. दोन दिवसांत झटके थांबले, मन जागेवर यायला तीन आठवडे लागले. त्यांनी समजावलं की लोहाची उणीव माझ्या थकव्याचं आणि पायांचं कारण होती, मनाच्या आजारात तिनं भर घातली होती. पण पाणी दारात आलेली रात्र काही फेरिटिनमध्ये नव्हती. “दोन्ही खरं आहे. एक खरं निघालं म्हणून दुसरं खोटं होत नाही. आणि गोळी सोडायची तेव्हा आपण दोघी मिळून सोडू, पायरी-पायरीनं.” त्याच महिन्यात मी समुपदेशनही सुरू केलं, जे त्या वर्षभर सुचवत होत्या.

लोह आणखी सहा-सात महिने चाललं. २०२३ च्या उन्हाळ्यात फेरिटिन ८१ आलं आणि गोळी बंद झाली. उगाच चालू ठेवायची नाही, लोह जास्तही साठतं आणि यकृताला त्रास देतं. आता वर्षातून दोनदा तपासते. २०२४ च्या सुरुवातीला एसिटालोप्राम १० वरून साडेसातवर आली, चार महिन्यांनी ५ वर. पुढं कधी उतरायचं ते पावसाळा संपल्यावर बघू, असं आमचं ठरलं आहे.

पिशवी प्रकरणानंतर मी एक वही केली आहे, बँकेत जुन्या चलनांची असते तसली लांबट. रोज रात्री चार ओळी: काय घेतलं, किती वाजता, झोप, पाय. नवं काही घ्यायचं म्हटलं, अगदी खोकल्याचं औषध, तरी आधी त्यात लिहायचं आणि फोटो मॅडमना पाठवायचा. सासूबाईंचंही एक पान आहे, त्या सांगतात आणि मी लिहिते.

कालची नोंद: एसिटालोप्राम ५, नाश्त्यानंतर. चहा तीन वाजता. पाऊस दिवसभर, संध्याकाळी पुलावर जाऊन पाणी बघून आले, पात्रातच आहे. झोप साडेसहा तास. पाय, काही नाही.